मालकांच्या नावाचं रक्त

गाद्यांच्या त्या कारखान्याचा मालक कोण, हे दारावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं आणि ते साफ खोटं होतं. पाटीवर नाव नवऱ्याचं. पण पाटी रंगवून घेतली बाईंनी, रंग पसंत केला बाईंनी, आणि ती केसभर वाकडी लागली म्हणून सुताराला पुन्हा शिडीवर चढवला तोही बाईंनीच. मालक खाली शिडी धरून उभे होते. तेवढं त्यांना जमण्यासारखं होतं.

कारागीर त्यांना 'मालक' म्हणत आणि म्हणताना हसू दाबत. मालकांनी सकाळी कुठला सदरा घालायचा, चहा गरम प्यायचा की कोमट, आलेल्या गिऱ्हाइकाबद्दल त्यांचं मत काय, हे सगळं बाई ठरवत. कुणी विचारलं, "मालक, तब्येत कशी आहे?" तर बाई कापायच्या टेबलामागून सांगत, "डोकं दुखतंय त्यांचं." मालक मान हलवत. तोवर दुखत नसलं तरी मग दुखायला लागे.

कारखान्यात कापूस पिंजायचं यंत्र दिवसभर घरघरत असे, शिलाई मशीन खडखडत असत, आणि या सगळ्याच्या वरून बाईंचा आवाज जाई. मागच्या मशीनवरच्या माणसाची शिवण तिरकी गेली की त्याच्या आधी बाईंना कळे आणि बाईंच्या नंतर अख्ख्या गल्लीला. पाठीमागे लोक त्यांना 'भोंगा' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. मनातून बरंही वाटायचं. शिट्टी कुणीही मारतं, भोंगा व्हायला छाती लागते.

सून एका मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. लोकांचं रक्त नळ्यांत भरून यंत्रात गरागरा फिरवायचं आणि त्यातून रोग हुडकायचे, असं काम. बाईंच्या मते हा कामाचा प्रकार नव्हता, पण सून वेळेवर जाते, वेळेवर येते, म्हणून चालवून घेतलं होतं. एका सकाळी तिने जाता जाता टेबलावर एक छोटी पुठ्ठ्याची पेटी ठेवली.

"आई, बाबांसाठी आहे."

"काय आहे? खाऊ?"

"तपासणी आहे. घशाच्या कॅन्सरची. रक्तातून कळतं."

"घसा इथे," बाईंनी गळ्यावर बोट टेकवलं, "आणि रक्त काढणार दंडातून. उद्या माझा गुडघा दुखला की कान तपासशील."

सून हसली. ती हसते तेव्हा ऐकत नाही, हे बाईंना अनुभवाने माहीत होतं. "आई, एक व्हायरस असतो. बहुतेकांना आयुष्यात कधीतरी होऊन जातो, पत्ताही लागत नाही. शरीर त्याला हाकलून देतं. पण एखाद्याच्या टॉन्सिलमध्ये, नाहीतर जिभेच्या मुळाशी तो दडी मारून बसतो. वर्षानुवर्षं. मग तिथे गाठ धरते. गाठ दिसायच्या कितीतरी आधी त्या व्हायरसचे बारीक तुकडे रक्तात सांडायला लागतात. ते सापडतात का, हे आम्ही बघतोय. अजून अभ्यासच चालू आहे, म्हणून धडधाकट माणसं हवी आहेत."

"धडधाकट माणूस न्यायचा आणि आजारी करून परत आणायचा. धंदा चांगला आहे. आणि माझं नको वाटतं रक्त?"

"या फेरीत फक्त पुरुष घेतोय, आई. हा त्यांच्यात जास्त सापडतो."

"बरोबरच आहे. बायकांना गळा कुठे असतो? नुसतं तोंड असतं."

मालक कोपऱ्यात गादीला टाके घालत बसले होते. हातभर लांब दाभण ते गादीच्या एका अंगाने खुपसत आणि दुसऱ्या अंगाने ओढून काढत, लोण्यातून काढल्यासारखं. पण हाच माणूस दवाखान्यातली नखाएवढी सुई बघून डॉक्टरच्या टेबलावर आडवा झाला होता आणि जाताना डॉक्टरचा चष्माही घेऊन पडला होता. पेटीतल्या तपासणीत तर सुई दिसतही नव्हती. बाटलीच्या झाकणाएवढी एक चकती दंडाला चिकटवायची, तिचं बटण दाबायचं, ती मुंगी चावल्यासारखी चावते आणि खालच्या नळीत रक्त ओढून घेते. मालकांनी चकती पाहिली आणि त्यांचं पोट दुखायला लागलं. पुढच्या दिवशी गिऱ्हाईक होतं. त्याच्या पुढच्या दिवशी दंडाला खाज होती. पेटी दोऱ्याच्या रिळांशेजारी फळीवर धूळ खात बसली.

शेवटी सून म्हणाली, "आई, आज पेटी परत न्यायची आहे. सगळ्यांना सांगून बसलेय मी, आमच्या घरचं नक्की म्हणून."

ती काही रागावून बोलली नाही. पण 'आमच्या घरचं नक्की' हे शब्द बाईंना बरोबर जागी लागले. या घरातून ठरलेल्या वेळेला गादी गेली नाही असं कधी झालं नव्हतं, आणि आता चार थेंब रक्तासाठी घराची अब्रू जाणार?

बाईंनी पेटी उचलली, मालकांना मागच्या खोलीत बोलावलं. तिथे कापडाचे तागे उभे होते, फोमचे तुकडे रचलेले होते. मालकांनी बाही वर केली, चकतीकडे बघितलं आणि पिंजलेल्या कापसाच्या रंगाचे झाले. हळूच फोमवर बसले.

"अगं, उद्या बघू..."

बाईंनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. मग स्वतःची बाही वर सरकवली, चकती दंडाला चिकटवली आणि बटण दाबलं.

"अगं, ते माझं आहे!"

"तुमचं काय आहे? जेवता माझ्या हातचं, निजता माझ्या सांगण्याने, खोकायचं असलं तरी माझ्याकडे बघता. रक्त तेवढं वेगळं कुठून आणणार आहात?"

यात काही लबाडी आहे, असं बाईंच्या मनातही आलं नाही. घरातलं जे काम कुणाच्याने होत नाही ते बाई उरकून टाकत, त्यातलंच हे एक. नळी भरली. मालकांच्या नावाचं लेबल त्यांनी नळीवर अगदी सरळ चिकटवलं. दारावरच्या पाटीपेक्षा सरळ.

सून संध्याकाळशिवाय कधी घरी येत नसे. काही आठवड्यांनी एके दिवशी मात्र ती दुपारीच कारखान्यात आली आणि पिंजणयंत्र बंद करायला सांगितलं. यंत्र थांबल्यावर हवेतला कापूस सावकाश खाली बसायला लागला.

"बाबांचा रिपोर्ट आलाय," ती म्हणाली. "त्यात ते तुकडे सापडलेत."

मालकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी तोंड उघडलं, "पण मी तर..."

"तुम्ही गप्प बसा," बाई म्हणाल्या. सवयीने.

सून समजावत होती की घाबरू नका, याचा अर्थ कॅन्सर आहेच असा नाही, घशात कॅमेरा घालून बघावं लागेल, असलाच तर फार लवकर हाती लागलाय. बाईंना त्यातलं अर्धंच कळलं. त्यांनी आवंढा गिळला, आणि आपल्याच घशातून खाली उतरणारा आवंढा त्यांना आयुष्यात पहिल्यांदा ऐकू आला.

तेव्हाच सांगून टाकायचं. पण सांगायचं म्हणजे काय? 'सूनबाई, तुझ्या तपासणीत मी खोटं रक्त घातलं'? जिला भांडं पालथं कसं घालावं इथपासून शिकवलं, तिच्यापुढे? हे वाक्य बाईंच्या तोंडाच्या मापाचं नव्हतं. त्यापेक्षा यंत्र चुकलं असेल. यंत्रं चुकतातच. पिंजणयंत्र नाही का दर महिन्याला बिघडत?

दुसऱ्या दिवशी वन्सं आल्या, म्हणजे मालकांच्या बहीण. दारातूनच "दादा रे!" करत आल्या आणि नव्या कोऱ्या गादीवर बसून रडल्या. बाईंनी आधी गादीवर जुनी चादर टाकली, मग रडू दिलं.

डोळे पुसल्यावर वन्संनी विचारलं, "पण हा व्हायरस का काय तो, आला कुठून?"

"तोंडावाटे," सून म्हणाली. "म्हणजे... जवळिकीतून. नवरा-बायकोच्या. चुंबन वगैरे." तिचे कान लाल झाले. "आणि तो वीस-तीस वर्षांपूर्वी आलेला असू शकतो. आयुष्यात एकच जोडीदार असला तरी होतो. कुणामुळे झाला हे कुणीच सांगू शकत नाही. यात लाजण्यासारखं काही नाही."

वन्संनी यातलं 'जवळिकीतून' तेवढं उचललं. "दादा! तू?"

शिलाई मशीन एकेक करून हळू झाली. कारागीर मालकांकडे बघायला लागले, आणि त्या बघण्यात आदर होता. एकाने तर उठून त्यांना खुर्ची आणून दिली. मालक नाही म्हणायला निघाले होते ते खुर्चीत बसले.

"वहिनी, फसवलं गं तुला याने. तुझ्या डोळ्यांत धूळ फेकली."

"यांनी? वन्सं, यांना धूळ फेकायची झाली तर आधी मला विचारतील, मूठभर की ओंजळभर."

पण आतून बाई जळत होत्या. काही न करता या माणसाचं नाव होत होतं! आणि त्याहून खाली, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, दुसरंच चाललं होतं. रक्त तर आपलं. आपल्या जन्मात या एका माणसाखेरीज कुणी जवळ आलं नाही. म्हणजे व्हायरस मालकांनीच आणला असला, तर न विचारता त्यांनी घरात आणलेली ती एकच वस्तू होती.

येता-जाता बाई पाणी पिऊन बघू लागल्या. दुखत नव्हतं. अडकत नव्हतं. आवाज पहिल्यासारखाच खणखणीत होता, उलट त्या मुद्दाम दोन शिव्या जास्त घालून खात्री करून घेत. ज्याच्या घशात काही आहे तो असा ओरडू शकेल?

दवाखान्याच्या लांबलचक बोळात खुर्च्या जमिनीला ठोकून बसवलेल्या होत्या, जणू लोक त्या घरी नेणार. मालक आणि बाई शेजारी बसले. सून आत कागद द्यायला गेली होती.

"सांगूया?" मालक हळूच म्हणाले.

"काय सांगूया? कॅमेरा नाकातून घालतात म्हणे. तुम्ही दारातच पडाल. मग चला घरी, संपला विषय."

बाईंचा बेत खरोखरच एवढाच होता. मालक पडतील, गोंधळ होईल, तपासणी बारगळेल. नर्सने मालकांचं नाव पुकारलं. मालक उठले. बाईंकडे न बघता, कुठला पाय आधी टाकू हे न विचारता, आत निघून गेले.

दार बंद झालं. आतून धप्प असा आवाज येईल म्हणून बाई कान देऊन बसल्या. आला नाही. बऱ्याच वेळाने मालक बाहेर आले ते नाकाडोळ्यांतून पाणी गळत, आणि कोपरात कापसाचा बोळा दाबून. परत तपासायला हातातून रक्तही काढलं होतं, खऱ्या सुईने. ते उभे होते.

"पडला नाहीत?" बाई म्हणाल्या.

"भोवळ आली होती," मालक म्हणाले. "पण पडलो असतो तर त्यांनी मला घरी पाठवलं असतं. मला त्यांना एकदा नीट बघू द्यायचं होतं, की इथे काही नाही."

घसा साफ होता. काही दिवसांनी रक्ताचं उत्तर आलं, तेही साफ. वन्सं पुन्हा आल्या, या वेळी हसायला. दादाची अब्रू परत आली म्हणून त्यांना आनंद झाला होता. कारागिरांचा मात्र हिरमोड झालेला दिसला. खुर्ची परत आपल्या जागी गेली.

बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. झालं. यंत्र चुकलं होतं. आपण म्हणत नव्हतो?

तेवढ्यात सून आली आणि कापायच्या टेबलापाशी बसून राहिली. हातात कात्री घेऊन उगाच उघडमीट करत.

"मोठे डॉक्टर चिडलेत. म्हणाले, घरच्या माणसाची पेटी घरी नेलीस तिथेच चुकलं. पहिली नळी बाद करणार." तिने कात्री मिटली. "पण आई, मी ती दोनदा तपासली होती. ते तुकडे त्यात होते. बाबांचे नसतील, कुठेतरी नळ्यांची अदलाबदल झाली असेल. पण कुणाचे तरी होते."

"असतील कुणाचे तरी."

"आणि आता त्या माणसाला कुणी सांगणार नाही. तो कुठेतरी हिंडत असेल मजेत, काही दुखत नाही, काही खुपत नाही. पुढे कधीतरी मानेला गाठ हाताला लागेल तेव्हा येईल. मग किरणांनी घसा भाजून काढतात, आई. तोंडाला थुंकी राहत नाही, चव राहत नाही, कधी आवाजही जातो. आत्ता असता तर बारीकसं काम होतं."

"असेल कुणी गाढव," बाई म्हणाल्या. आवाज हवा तसा निघाला नाही.

कोपऱ्यातून मालक म्हणाले, "गाढव नाही. हट्टी आहे."

सगळ्यांनी वळून पाहिलं. मालक न विचारता बोलले होते.

"तुम्ही गप्प..."

"नाही बसत." मालकांनी दाभण गादीत खोचून ठेवलं आणि बाही वर केली. सुईच्या जागी अजून हिरवट डाग होता. "सूनबाई, हे टोचलं ते माझं. त्या पेटीतलं माझं नव्हतं." इतकं बोलून ते थांबले. पुढचं बाईंचं होतं, ते त्यांनी बाईंसाठी ठेवलं.

अजूनही वाट होती. 'मुलाचं असेल' म्हणता आलं असतं. 'यांना भ्रम झालाय' म्हटलं असतं तर सगळ्यांनी मानलंही असतं, इतकी वर्षं तेच तर मानत आले होते. बाईंनी मालकांच्या कोपरातला तो डाग पाहिला. चष्म्यासकट पडणारा माणूस दुसऱ्याच्या वाटची सुई घेऊन आला होता.

"बघता काय सगळे?" बाईंनी हात झटकला. "दाढी सोडली तर यांचं सगळं मीच करते. रक्तही मीच दिलं. यंत्र खोटं नाही. नाव खोटं होतं."

सुनेच्या हातातली कात्री उघडीच राहिली.

"म्हणजे वहिनी, तू?" वन्संचे डोळे मोठे झाले. व्हायरस तोंडावाटे येतो, हे त्यांना पुन्हा आठवत होतं.

"हो, मी. आणि वन्सं, चार घरी सांगाल तेव्हा तुमच्या दादाच्या जोडीला आणखी दोघा-तिघांची नावं घाला. नुसत्या दादावर ऐकणाऱ्याचं पोट भरायचं नाही."

सून उठून आली. बाईंना वाटलं रडेल, किंवा पाया पडून म्हणेल की आई, असं कसं केलंत. ती म्हणाली, "तुम्ही गादीत कापसाच्या जागी चिंध्या भरल्यात, आई. आणि वर माझ्या कामाचं लेबल लावलंत."

हा टाका बरोबर शिवणीत बसला. बाईंनी टेबलावरचं सरळच असलेलं कापड पुन्हा सरळ केलं. सगळ्या कारखान्याने ते पाहिलं. मग सुनेने सगळ्यांदेखत बाईंच्या मानेला दोन्ही हात लावले, जबड्याखाली बोटांनी चाचपलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "उद्या सकाळी. आणि तपासायचं सगळं तुमचंच."

बाईंच्या नाकात कॅमेरा गेला तेव्हा त्यांना कळलं, मालकांनी काय सोसलं ते. मेलं डोळ्यांतून पाणी थांबत नाही आणि वर डॉक्टर म्हणतो, बोलू नका. घशात काहीच दिसलं नाही. डॉक्टरांनीही 'यंत्राची चूक' म्हणायला तोंड उघडलं, पण बाईंच्या खऱ्या नावाच्या नळीतही तेच तुकडे निघाले होते आणि सून दारातून हलायला तयार नव्हती. मग स्कॅन करून आतले फोटो काढले, त्यात एका टॉन्सिलवर संशय आला, तो कापून काढला. त्याच्या आत, कुठल्याही कॅमेऱ्याला दिसली नसती अशी, टाचणीच्या डोक्याहून जराशी मोठी गाठ होती. बस, तेवढीच. सगळी निघाली. भाजायचं काम पडलं नाही. दर थोड्या महिन्यांनी रक्त बघत राहू, डॉक्टर म्हणाले, पण आत्ता तरी सुटलात. आणि घाव भरेपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही.

कारागिरांना पहिले दिवस सणासारखे गेले. मग शिवणी तिरक्या जायला लागल्या. एक गादी एका अंगाला जाड आणि दुसऱ्या अंगाला पातळ झाली, तरी कुणाला कळलं नाही. बाई टेबलावर लोखंडी गज आपटून बोलावत, मग हातवारे करत, आणि कारागीर मुद्दाम उलट समजत. फोन वाजला की मालक उचलत. "हो... नाही... बघतो..." आणि एकदा, बाईंकडे न बघता, "मीच मालक बोलतोय." फोन ठेवल्यावर ते स्वतःच जरा दचकले. बाईंनी गज उचलला आणि तसाच खाली ठेवला. चला, एवढी वर्षं पाटी खोटी होती, एक दिवस खरी निघाली तर निघू दे.

घाव भरल्यावर सून पुन्हा तशीच पेटी घेऊन आली. आल्या आल्या म्हणाली, "पुढच्या फेरीत आम्ही बायकाही घेतोय."

बाईंनी मान ताठ केली. पुरुषांच्या तपासणीत पहिली गाठ कुणाची सापडली, हे सगळ्यांना कळायला हवं. वन्संना आधी.

सुनेने चकती काढली. लेबलवर या वेळी बाईंचंच नाव होतं, दोनदा वाचून घेतलेलं. मालक गादीवरून उठले, जवळ आले आणि गंभीर तोंड करून त्यांनी आपली बाही वर सरकवली.

"देऊ का?" ते म्हणाले. "तुझं काय, माझं काय, एकच रक्त."

पुढची शिलाई मशीन थांबली. कारागीर वाट बघू लागले.

"खबरदार!" बाई म्हणाल्या.

आवाज फाटका निघाला, कडेला झिजलेल्या कापडासारखा. पण पिंजणयंत्र चालू होतं, आणि तरीही अगदी मागच्या मशीनवरच्या माणसाने दचकून आपली शिवण सरळ केली.